पाण्याचा थेंबही न घालता पालकाची कुरकुरीत भजी

कढईतून काढताना कुरकुरीत असलेली पालकाची भजी ताटात येईपर्यंत मऊ पडू नयेत म्हणून मी आता पीठ भिजवायला पाणी घेतच नाही. पालकात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं. तेवढं पुरतं.

परवा मुद्दाम जरा जून पानांची जुडी आणली. कोवळा पालक पातळ भाजीला छान, भज्यांना जाडसर पान बरं. जुडी धुऊन फडक्यावर पसरली. इथे घाई करायची नाही. देठापाशी आणि मुडपलेल्या कडांत पाणी दडून बसतं, ते टिपून घेतलं. मग पालक जाडसर चिरला, दोन कांदे उभे पातळ चिरले आणि मीठ, तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा लावून परात झाकून ठेवली.

पंधरा मिनिटांनी कांद्याच्या पाकळ्या सुट्या होऊन लवल्या होत्या, पालक निम्म्यावर बसला होता आणि तळाशी हिरवट पाणी सुटलं होतं. त्यात मावेल इतकंच बेसन भुरभुरलं, सोबत दोन चमचे तांदळाची पिठी. पीठ पानाला नुसतं धरलं पाहिजे, पान झाकलं जाता कामा नये. वरून चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. सोडा मला अजिबात पटत नाही. भजी फुगतात खरी, पण तेल पितात.

गोळे न करता बोटांनी मिश्रण मोकळं सोडलं, मध्यम आचेवर. पालक मुळात हिरवा, म्हणून रंगावर विसंबता येत नाही. मी बुडबुड्यांकडे बघते. सुरुवातीला तेल जोरात फसफसतं, कारण पानातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. तो आवाज मंदावला की घाणा काढायचा. काढायचा तोही चाळणीवर. कागदावर खालची वाफ कोंडते आणि भजी ओलावतात. खायच्या वेळी मोठ्या आचेवर पुन्हा अर्धा मिनिट तळली, की कडेची पानं अगदी काचेसारखी तडकतात.

मिश्रण मात्र करून ठेवू नये, पाणी सुटतच राहतं. पाहुणे मागेपुढे येणार असतील तर निम्मा पालक-कांदा मीठ न लावता बाजूला ठेवावा.