पाणघोड्याचं काय?

तिसरीतल्या चिरंजिवांची घटक चाचणी आली होती आणि मराठीच्या वहीत तो ठरलेला तक्ता होता. वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना, हत्तीचे चीत्कारणे, घोड्याचे खिंकाळणे, म्हशीचे रेकणे. आपण सगळे हा तक्ता घोकूनच मोठे झालो. मला आजही कुणी ‘माकडाचा’ म्हटलं की पुढे ‘भुभुःकार’ आपसूक येतो. परीक्षेबाहेर हा शब्द मी जन्मात एकदाही वापरलेला नाही. गॅलरीत माकड आलं की आपण दार लावतो, भुभुःकार होईपर्यंत कोण थांबतंय?

मुलाचं म्हणणं, पाठच होत नाही. नवऱ्याने तोडगा काढला, ‘‘ऐकवूनच आणू या. रविवारी राणीची बाग!’’ अभ्यास पुढे करून स्वतःची हौस भागवण्याची त्याची ही जुनी पद्धत. सासूबाई तर लगेच तयार. त्यांचं माहेर चिंचपोकळीचं, म्हणजे बाग त्यांच्या परसदारीच. वार मात्र मी दोनदा तपासला. मागच्या खेपेला रजा टाकून गेलो होतो तो नेमका बुधवार निघाला, आणि बुधवारी बाग बंद असते. तेव्हा गेटबाहेर दाणे खाऊन परत आलो होतो.

भायखळ्याला उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. माणसं पाच, छत्र्या तीन.

आधी अर्थातच वाघ. जाड काचेपुढे तिसऱ्या रांगेत उभं राहिल्यावर दिसला तो एक पट्ट्यापट्ट्यांचा कुल्ला. पोट संथ वरखाली होत होतं. मुलाने पुढे घुसून काचेला कान लावला आणि बराच वेळ ठेवला. ‘‘काहीच म्हणत नाहीये.’’ त्यात वाघाची चूक नव्हती. तो अंधार पडायच्या सुमाराला कामाला लागणारा प्राणी, आणि आम्ही सकाळी अकराला टपकलेलो. पण लोकांना हे कुठे मान्य? कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी ‘‘ए वाघ्या!’’ करत होतं. रेनकोट घातलेल्या एका गृहस्थांनी तर खांद्यावरच्या पोराला स्वतःच डरकाळी फोडून दाखवली. चांगली होती. पुढे बिबट्यापाशी एकूण सात डरकाळ्या ऐकल्या, सातही वडिलांच्या.

मग लक्षात आलं, बागेत आवाज फक्त आपला असतो. ‘ते बघ, ते बघ’, ‘अगं तिकडे नाही, झाडामागे’, ‘झोपलाय बाळा’. अस्वल गप्प, तरस गप्प. मगर तर इतकी गप्प की ती खरी की सिमेंटची यावर दोन कुटुंबांत पैज लागली. हत्तीने सोंडेने पाठीवर माती उडवली, पण चीत्काराचं नाव नाही.

पाणघोडा पाण्यात होता. वर दिसत होते फक्त डोळे, कान आणि नाकपुड्या. धाकटीला तो फार आवडला. दर थोड्या वेळाने त्या नाकपुड्या नळाच्या तोटीसारख्या उघडायच्या, फुस्स करून तुषार उडायचे आणि त्याचे ते चिमुकले कान गरकन फिरून पाणी झटकायचे. एवढ्या धुडाला एवढेसे कान, आणि त्यांची केवढी लगबग!

‘‘पाणघोड्याचं काय गं आई?’’ वहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

‘‘पाणखिंकाळणं,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘असं काही नसतं, आई,’’ नवरा म्हणाला.

‘‘का? घोड्याचं खिंकाळणं असतं ना?’’

पाणघोडा हा घोड्यापेक्षा देवमाशाचा जवळचा नातलग, हे मला ठाऊक होतं. पण एवढ्या चांगल्या शब्दावर पाणी कशाला ओता? गप्प बसले.

दिवसभरात तक्त्यातल्या एकाच पाहुण्याने शब्द पाळला, तो म्हणजे मोर. झाडीआडून आवाज आला आणि मुलगा ओरडला, ‘‘मांजर!’’ खरंच, मांजराच्या शेपटीवर कुणी पाय द्यावा तसा तो आवाज. केकारव म्हणताना आपण काहीतरी सुरेल गृहीत धरतो, ते कशाच्या जोरावर कोण जाणे.

पेंग्विनसाठी रांग होती. आत गारवा आणि काचेमागे सगळी मंडळी टुकटुक उभी. २०१६ साली आठ पेंग्विन सोलहून इथे आणले, तेव्हा केवढी चर्चा झाली होती. हे हंबोल्ट जातीचे, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. म्हणजे बर्फातले नव्हेतच, पण धाकटीला बर्फ हवा होता आणि तो नाही म्हणून तिने भोकाड पसरलं. तेवढ्यात एका पेंग्विनने मान आभाळाकडे केली, छाती फुगवली, पंख पसरले आणि चोच उघडली. काचेतून काही ऐकू आलं नाही. हे गाढवासारखं ओरडतात असं मी वाचलं होतं, ते सांगितलं. चिरंजीव मला नवीन काही शिकवायला आणलंय की फसवायला, अशा नजरेने बघत राहिले.

शेवटी संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती पाहिला. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले तेव्हा तो उचलताना फुटला, पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. मुलाने सोंडेकडे पाहून सुस्कारा टाकला.

परतीच्या गाडीत घाटकोपरला जागा मिळाली. मुलगा खट्टू, धाकटी माझ्या खांद्यावर झोपलेली. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘‘आमच्या लहानपणी सिंह घरबसल्या ऐकू यायचा. रात्रपाळीचा भोंगा झाला, अण्णा गिरणीत गेले, चाळ निजली की मग सुरू करायचा.’’

सिंहाची गर्जना आठ किलोमीटरवर पोचते म्हणतात. चिंचपोकळी तर हाकेच्या अंतरावर.

‘‘कशी?’’ मुलाने विचारलं.

सासूबाईंनी पदर सावरला, हनुवटी खाली घेतली. आधी कण्हल्यासारखा एक सूर निघाला, मग तो पोटातून मोठा मोठा होत गेला, आणि शेवटी हुं, हुं, हुं करत बारीक होत विझला. चौथ्या सीटवरच्या माणसाने कानातले इअरफोन काढले. धाकटी दचकून उठली आणि आजीच्या तोंडाकडे बघत राहिली.

‘‘अजून एकदा,’’ ती म्हणाली.