नळीत गोठलेलं रक्त

लावणीचे दिवस. सिंधुदुर्गात या दिवसांत रात्री आमच्या अपघात विभागाचं दार धाडकन उघडलं की पहिली शंका सापाची येते. त्या रात्रीही मुलगा आईला हातांवर उचलून आत आला तो हेच म्हणत, "डॉक्टरांनू, आवशीक पान लागला!"

बाई पन्नाशीच्या. डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून जांभळट झालेला. हिरड्यांतून रक्त येत होतं. सिस्टरांनी सलाईनसाठी सुई लावली, तर तिथूनही रक्त झिरपायला लागलं. बोळा बदलला, तोही भिजला. फुरसं असो वा घोणस, दोन्हींचं विष रक्तावरच जातं. मी प्रतिविषाच्या दहा कुप्या काढून ठेवायला सांगितल्या आणि वीस मिनिटांची चाचणी लावली.

ही चाचणी अगदी साधी आहे. कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली तर मुळीच नाही. मग नळी एकदाच आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने गोठण्याची शक्ती संपवलेली असते.

नळी स्टँडमध्ये ठेवून मी मुलाला विचारायला लागले. साप कोणी पाहिला? कोणीच नाही. दंशाची खूण मला सापडत नव्हती. ताप मात्र तीन दिवसांचा होता आणि टाचेत मोठी भेग होती. त्याच पायाने त्या तीन दिवस चिखलात उभ्या होत्या. रक्तदाब 80/50, नाडी 130, श्वास मिनिटाला 32. नाव विचारलं की माहेरच्या गावाचं नाव सांगत होत्या.

मग मी चांगला पाय उघडा केला. त्या पायाला ना सूज, ना जखम. पण बोटांची टोकं निळी होती. पावलाच्या पाठीवर हात ठेवला, तर नाडी बारीक का होईना पण लागत होती. म्हणजे मोठी रक्तवाहिनी वाहत होती आणि बोटांत रक्त पोचत नव्हतं. हाताची बोटं पाहिली, तीही तशीच. टाचेतून शिरलेला संसर्ग रक्तात पसरला होता आणि सगळ्या अंगातल्या केसाएवढ्या वाहिन्यांमध्ये गुठळ्या धरत होत्या.

वीस मिनिटं झाली. सिस्टरांनी नळी आडवी केली. रक्त घट्ट गोठलेलं.

"मॅडम, रक्त गोठतंय. मग हिरड्यांतून का येतंय?" सिस्टरांनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता. विषाने रक्तस्राव होत असता, तर नळीतलं रक्त असं गोठलंच नसतं, कारण ते विष गुठळीचा धागा ज्यापासून बनतो ते फायब्रिनोजेन पार खाऊन टाकतं. जंतुसंसर्गात यकृत तेच फायब्रिनोजेन जास्त बनवतं, त्यामुळे खूप खर्च होऊनही ते बऱ्याचदा पुरून उरतं. दुसरीकडे, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या अंगावर टिश्यू फॅक्टर नावाचं, गोठणं सुरू करणारं प्रथिन काढतात आणि वाहिनीच्या आतच गोठण्याची साखळी सुरू होते. तिला लगाम घालणारी प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन ही प्रथिनं संपत जातात. झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणाही दाबली जाते. प्लेटलेट या आतल्या गुठळ्यांत खर्ची पडतात, म्हणून सुईच्या छिद्रावर लावायला त्या उरत नाहीत. नको तिथे रक्त गोठतं आणि हवं तिथे गोठत नाही. आम्ही याला डीआयसी म्हणतो.

कुप्या परत फ्रिजमध्ये गेल्या. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतलं, अँटिबायोटिक सुरू केलं, लेप्टोस्पायरोसिसचा मोसम म्हणून डॉक्सीसायक्लिनही जोडलं, सलाईन जोरात सोडलं आणि मागोमाग रक्तदाब उचलून धरणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन. दारातून आत आल्यापासून अँटिबायोटिकचा पहिला थेंब जाईपर्यंत पस्तीस मिनिटं गेली होती. त्यातली बरीचशी मी सापाच्या मागे घालवली, हे मला आजही सलतं. आता सुजलेला पाय आला की मी आधी दुसरा पाय पाहते.

प्रयोगशाळेतून आकडे आले. प्लेटलेट 34,000. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे प्रयोगशाळेत रक्तद्रव गोठायला लागणारा वेळ, जो 13 सेकंद असायला हवा, तो 22. काचपट्टीवर तांबड्या पेशींचे तुकडे, शिरस्त्राणाच्या आकाराचे. गुठळ्यांच्या जाळ्यातून जाताना पेशी अशा चिरल्या जातात. डीआयसीचं निदान गुणांवर करतात, पाच झाले की पक्कं. त्या गुणांतली डी-डायमर, म्हणजे विरघळलेल्या गुठळीचे तुकडे मोजणारी चाचणी, आमच्याकडे होत नाही, तरी तिच्याविनाच चार गुण भरले होते.

आकडा बाहेर कळला आणि नातेवाइकांचा आग्रह सुरू झाला, प्लेटलेट चढवा. डेंग्यूने आपल्याकडे सगळ्यांना हा एकच आकडा शिकवला आहे. पण सुईजवळचं झिरपणं दाबून पट्टी बांधल्यावर थांबलं होतं. हिरड्याही सुकत होत्या. मोठा रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारायला पिशव्या लावून काही साधत नाही. आधी संसर्ग आटोक्यात यायला हवा. हे मी मुलाला दोनदा समजावलं. त्याने ऐकून घेतलं, पटलेलं दिसलं नाही.

पहाटे पाचला सर्जन आले. त्यांनी पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, "आत सडतंय, उघडायलाच लागेल." आता हिशेब बदलला. चिरा द्यायचा तर प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर हव्यात. सहा पिशव्या प्लेटलेट आणि चार प्लाझ्मा लिहून मुलाला जिल्ह्याच्या रक्तपेढीत पाठवलं. जाताना बजावलं, "प्लाझ्मा बर्फात ठेव. प्लेटलेट बर्फात अजिबात नको, हलक्या हाताने हलवत आण."

तो साडेआठला परतला. मित्र गाडी चालवत होता आणि हा मागच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन, तान्ह्या मुलाला झुलवावं तशा, सगळी वाट झुलवत आला होता. माझ्या हाती देईपर्यंत त्याचा हात थांबला नाही. रात्री माझ्यावर चिडलेला हाच मुलगा. मला त्याच्याशी काही बोलवलं नाही.

प्लाझ्मा 37 अंशांच्या पाण्यात वितळवला. शस्त्रक्रियेआधी प्लेटलेट 58,000 झाल्या. सर्जननी काळवंडलेलं सगळं कापून काढलं. तिसऱ्या दिवशी नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटलं. कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू आला. पाचव्या दिवशी एकही नवी पिशवी न लावता प्लेटलेट 96,000 होत्या. संसर्ग हटला तशी आतली उधळण थांबली होती.

आमच्या इंटर्नने विचारलं होतं, गोठणं थांबवणारं थेट औषध नाही का? होतं. सक्रिय प्रोटीन सी 2001 मध्ये मोठ्या आशेने बाजारात आलं. मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, म्हणून 2011 मध्ये ते मागे घेतलं गेलं.

हाताची बोटं हळूहळू पुन्हा गुलाबी झाली. उजव्या पायाची दोन मात्र काळी पडून सुकली. सर्जन घाई करत नव्हते. काळ्या आणि जिवंत कातडीमध्ये रेघ उमटेपर्यंत थांबायचं, असं त्यांनी सांगितलं. बाई रोज ड्रेसिंगच्या वेळी मान वर करून ती रेघ बघायच्या.

बोटं काढायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "डॉक्टरीणबाई, गणपतीक उभ्यान आरती करूक गावतली मा?"

गणपतीला एकोणीस दिवस होते. मी सर्जनना फोन लावला.