जुन्या लॅपटॉपचे पार्ट घेण्याआधी त्याची पिढी बघा

लॅपटॉप हळू झाला की दुकानात पहिला प्रश्न येतो, "रॅम वाढवायची का?" उत्तर देण्याआधी विंडोजचा टास्क मॅनेजर (कशावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी) उघडा. रोजचं काम चालू असताना डिस्क सतत १०० टक्के आणि मेमरी ५०-६० टक्के दिसत असेल, तर रॅमवर घातलेले पैसे वाया जातील. मेमरीही ९० च्या वर असेल तर गोष्ट वेगळी. रॅम अपुरी पडते तेव्हा विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं, आणि त्यामुळे डिस्कही १०० टक्क्यांवर दिसते.

त्याच पडद्यावर प्रोसेसरचं नाव असतं. इंटेलच्या आय५-३३२०एम, आय५-४३००यू, आय५-८२५०यू अशा चार आकडी नावांत पहिला आकडा म्हणजे पिढी: तिसरी, चौथी, आठवी. कोणती रॅम बसेल, कोणती एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) चालेल, विंडोज ११ येईल की नाही, हे बहुतेक या एका आकड्यावरून कळतं. कंपन्यांमधून निघून सेकंडहँड बाजारात येणारे लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक यांवर खर्च करणं परवडतं, कारण ते उघडायला सोपे असतात आणि त्यांचे पार्ट मिळतात. त्याच काळातल्या पातळ, चकचकीत मॉडेलांत रॅम बऱ्याचदा बोर्डवर झाळलेली (सोल्डर केलेली) असते.

लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर सुरुवात तिथूनच, तिच्या जागी एसएसडी बसवा. ५४०० आरपीएमची डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, साटा (हार्ड डिस्कचीच जोडणी वापरणारी) एसएसडी ५०० च्या वर. पण खरा फरक वाचन सलग नसतं तेव्हा पडतो. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचतं आणि डिस्कचं हेड प्रत्येक वेळी हलावं लागतं. एसएसडीत हलणारं काहीच नाही.

बहुतेक साटा एसएसडी ७ मिमी जाडीच्या असतात. थिंकपॅड एक्स२३० मध्ये तेवढीच जागा आहे. टी४३० मध्ये ९.५ मिमीची जागा असल्याने एसएसडीखाली प्लास्टिकची पट्टी लावा, नाहीतर ती हलते आणि कनेक्टरवर ताण येतो. या दोन्ही मॉडेलांत एमसाटाचा (छोट्या कार्डासारख्या एसएसडीचा) स्लॉटही आहे, पण तो सेकंदाला ३ गिगाबिटचा, मुख्य जागा ६ गिगाबिटची. म्हणून विंडोज मुख्य जागेवर ठेवा. एमसाटात दुसरी डिस्क टाकता येते.

एम.२ स्लॉट असेल तर जास्त जपून. एम.२ हा फक्त आकार आहे. आतून ती एसएसडी साटा असते किंवा एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणी). फक्त साटा चालणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई व्यवस्थित बसू शकते आणि तरी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) दिसत नाही. कनेक्टरच्या खाचा मोजून अंदाज बांधू नका, कारण काही एनव्हीएमईलाही दोन खाचा असतात. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. लांबीही तपासा, २२८० (८० मिमी) आणि २२४२ (४२ मिमी) एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

जुन्या डिस्कची नक्कल काढण्याआधी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब जागांच्या तीन ओळी बघा. सी५ शून्य नसेल तर नकलेचा नाद सोडा. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, कारण मरायला टेकलेली डिस्क पूर्ण नकलेचे तास सोसेलच असं नाही. डिस्क धडधाकट असेल तर क्लोनझिला (नक्कल काढण्याचं सॉफ्टवेअर) चालतं, पण ५०० जीबीवरून ४८० जीबीवर नक्कल काढायला गेलात की ते अडतं, आत निम्मी डिस्क रिकामी असली तरी. अशा वेळी विंडोज नव्याने टाकणंच बरं. लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असेल तर डिस्क बदलल्यावरही ॲक्टिव्हेशन आपोआप होतं.

आता रॅम. तिसऱ्या पिढीला डीडीआर३ रॅम किंवा तिचा कमी व्होल्टचा प्रकार डीडीआर३एल, दोन्ही चालतात. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एलच लागते, म्हणजे १.३५ व्होल्टची. लेबलवर पीसी३एल लिहिलेलं असतं आणि त्यातल्या एलकडे दुर्लक्ष केलं की लॅपटॉप सुरू होत नाही. आठव्या पिढीच्या टी४८० ला डीडीआर४ लागते.

पण सर्वांत जास्त फसगत दुसऱ्याच गोष्टीत होते. चौथ्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर ८ गिगाबिट क्षमतेच्या चिप ओळखत नाहीत. त्यामुळे ८ जीबीची डीडीआर३एल पट्टी घेताना तिच्यावर एकूण १६ चिप असाव्यात. लेबलवर ते २आर×८ असं छापलेलं असतं. आठच चिपची, १आर×८ ची पट्टी दुकानदार "सेमच आहे" म्हणून देतो आणि लॅपटॉपचा पडदा काळाच राहतो. पट्टी खराब नसते, नव्या मशीनमध्ये ती बिनबोभाट चालते. एवढ्यासाठीच परत घेण्याची अट आधी बोलून घ्या. १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन चांगल्या, कारण ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तेव्हा दोन चॅनलचा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरण्याचा, फायदा दिसतो.

पंखा सतत घोंघावत असेल तर बाहेरून ब्लोअर मारून काम होत नाही. धुळीचा नमदा पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे साचतो. पंखा काढूनच तो निघतो. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग झिजतं. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता खेचणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे असतात: काढताना उलट क्रमाने थोडे थोडे सैल करा, लावताना सरळ क्रमाने. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी साबुदाण्याच्या दाण्याएवढी पुरते. जिथे पेस्टऐवजी मऊ पॅड आहे तिथे त्याच जाडीचं पॅड परत लावा, तिथे पेस्ट लावलीत तर फट राहते. आणि स्क्रू कागदावर जागेप्रमाणे मांडून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात आवळला की तो बोर्डपर्यंत पोहोचतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या किमतीएवढा होतो.

यातलं काहीही करण्याआधी चार्जर काढा आणि बॅटरी वेगळी करा. आत बसवलेली बॅटरी थिंकपॅडमध्ये बायोसमधूनही बंद करता येते. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर बॅटरी सुजली आहे. लॅपटॉप वापरणं लगेच थांबवा, तिला दाबू-टोचू नका आणि ई-कचरा संकलनातच द्या. नवी घेताना मिलीअँपिअरचा मोठा आकडा बघून भुलू नका, वॅट-अवर मूळ बॅटरीशी जुळवून बघा. तेवढ्याच आकाराच्या डब्यात दीडपट क्षमता असल्याचा दावा खोटाच असतो.

वायफाय कार्डाचं थोडक्यात: टी४३० आणि एक्स२३० चा बायोस कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की १८०२ क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. बहुतेक नव्या लॅपटॉपांना ही अडचण नाही. पण इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही कार्डं दिसायला सारखी असली तरी दुसरं फक्त इंटेलच्या नव्या पिढ्यांत चालतं. वायफायसाठी एम.२ स्लॉट असलेल्या जुन्या लॅपटॉपला एएक्स२००.

राहिलं सॉफ्टवेअर. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. अट चुकवून टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार त्या मशीनवर होणार असतील तर आठव्या पिढीच्या खाली लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकावं, असं माझं मत. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे, आणि ४ जीबी रॅमवर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आरएसटी किंवा रेड (RAID) वर असतो, तो एएचसीआय करा. त्याच डिस्कवर विंडोजही ठेवायचं असेल तर मोड बदलण्याआधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करा, नाहीतर ते निळा पडदा दाखवतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

एवढं करूनही यूट्यूब लावलं की पंखा ओरडतो, अशी तक्रार राहते. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ या कॉम्प्रेशनमध्ये पाठवतं, आणि ते हार्डवेअरमध्ये पूर्णपणे उलगडण्याची सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या मशीनवर बराचसा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच२६४इफायसारखं एक्स्टेंशन टाका, मग यूट्यूब एच.२६४ हा जुना प्रकार पाठवतं आणि ते तिसऱ्या पिढीलाही हार्डवेअरमध्ये जमतं. लिनक्सवर त्यासाठी ब्राउझरमधलं हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे ना, तेही बघा. १०८० च्या वर मात्र एच.२६४ मिळत नाही, पण या लॅपटॉपांचा पडदा बहुधा १३६६×७६८ चाच असतो.