सुशोभीकरण झालं, पण बसायचं कुठे?

मध्यम शहरात डेव्हलपमेंट म्हटलं की आधी चौक नाहीतर बाग धरतात, पेव्हर ब्लॉक, एलईडी, कारंजं आणि मग उद्घाटन. फोटोत एकदम भारी. पण भर दुपारी जाऊन बघा, चिटपाखरू नसतं, कारण सावलीच नाही आणि बाक आहेत ते स्टीलचे, उन्हात तापलेले, वर मधोमध दांडा, म्हणजे कुणी आडवं व्हायला नको. (म्हाताऱ्या माणसाने पाठ कुठे टेकायची हे टेंडरमध्ये नसतंच.)

विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून बघितलं की लोक नेमके कुठे थांबतात, आणि निघालं काय, तर जिथे बसायला जागा आहे तिथे! हसू येतं ना? पण नेमकं हेच प्लॅनमध्ये सुटतं. तिथलंच ब्रायंट पार्क, एकेकाळी लोक आत जायला घाबरायचे, १९९२ मध्ये परत उघडलं तेव्हा आतलं बाहेरून दिसेल असं मोकळं केलं आणि सुट्या खुर्च्या ठेवल्या, ज्याला जिकडे हवी तिकडे ओढा, आणि गर्दी व्हायला लागली.

आणि झाडं! जुनं झाड ठेवलं म्हणून कौतुक करून घेतात, पण काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलेलं, मग मुळांना ना हवा ना पाणी, हळूहळू फांद्या वाळतात आणि एक दिवस 'धोकादायक' म्हणून तोडतात. बुंध्याभोवती थोडी माती मोकळी सोडायला असा किती खर्च येतो? कारंज्यापेक्षा नक्कीच कमी.