मगरवाला स्टीव्ह गेला

टीव्हीवर मगरी धरणारा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह आयर्विन गेला हे अजून डोक्यात शिरत नाहीये. ४ सप्टेंबर २००६ ला बातमी आली तेव्हा मी नुसतं "स्टीव्ह आयर्विनचा मृत्यू" एवढंच वाचलं आणि धरूनच चाललो की मगरीने घात केला, कारण त्याच्या बाबतीत भीती असायची ती तीच, आमची आई तर प्रत्येक एपिसोडला म्हणायची हा मेला एक दिवस जिवानिशी जाणार. आणि झालं काय तर पाकट! स्टिंगरे! जो मासा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, घाबरला तरच शेपटी उडवतो. क्वीन्सलँडच्या पोर्ट डग्लसजवळ बॅट रीफवर 'ओशन्स डेडलिएस्ट'चं शूटिंग चालू होतं, हवा खराब म्हणून काम अडकलं, तर हा म्हणे रिकामा कशाला बसू, मुलीच्या प्रोग्रॅमसाठी थोडं शूट करून घेऊ, म्हणून उथळ पाण्यात उतरला आणि शेपटीचा काटा थेट छातीत. वय फक्त ४४.

लोक लगेच सुरू झाले की असं आगीशी खेळल्यावर दुसरं काय होणार. अरे पण बाबांनो, तो लहानपणापासून यातच वाढलेला, आईवडिलांनी १९७० मध्ये बिअरवा गावात सरपटणाऱ्या प्राण्यांचं पार्क काढलं होतं आणि मगर कशी धरायची हे बापानेच शिकवलं. पुढे त्याच पार्कचं ऑस्ट्रेलिया झू झालं. जिथे मगर माणसांना डोईजड होते, तिथे गोळी घालण्याऐवजी तिला पकडून दुसरीकडे हलवायची, हे त्याचं खरं काम, बाकी टीव्ही नंतर. १९९२ मध्ये लग्न झालं तर हनिमूनलाही बायको टेरीला घेऊन मगरीच पकडायला गेला, त्याच शूटिंगचा त्याच्या 'क्रोकोडाइल हंटर' मालिकेचा पहिला एपिसोड झाला!

मला आवडायचं ते त्याचं चिखलात पालथं पडणं. खाकी हाफ पँट, गुडघे खरचटलेले, नाकापासून हातभर अंतरावर विषारी साप, आणि हा गडी कॅमेऱ्याकडे वळून डोळे मोठे करून सांगतोय की बघा काय देखणी आहे ही. आपण साप दिसला की आधी काठी शोधणारी माणसं, पण त्याचं ऐकता ऐकता खरंच तो साप देखणा दिसायला लागायचा. हे दुसऱ्या कुणाला नाही जमलं, बाकीचे माहिती देतात, हा प्रेमात पाडायचा.

सगळंच पटायचं असं नाही हां. २००४ मध्ये आपल्या महिन्याभराच्या मुलाला, रॉबर्टला काखेत धरून मगरीला खायला घातलं होतं ते बघून मी पण चिडलो होतो आणि आजही माझं मत तेच आहे.

पण तो गेल्यानंतरच्या काही दिवसात सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते एका बातमीने. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर निदान १० पाकटं मेलेली सापडली, काहींच्या शेपट्या कापलेल्या. म्हणजे बदला! कुणासाठी, तर ज्याने जन्मभर सांगितलं की प्राणी दुष्ट नसतो त्याच्यासाठी! शेवटी त्याच्याच संस्थेच्या लोकांना जाहीर सांगावं लागलं की हे स्टीव्हला अजिबात चाललं नसतं. एवढे एपिसोड बघून यांनी काय बघितलं देव जाणे.

२० सप्टेंबरला ऑस्ट्रेलिया झूमध्येच त्याची श्रद्धांजली सभा झाली. सरकारी इतमाम वडिलांनीच नाकारला, म्हणाले तो साधा माणूस होता. त्याची ८ वर्षांची मुलगी बिंडी सगळ्यांसमोर उभी राहून न अडखळता बोलली, बाबांचं काम थांबू नये म्हणाली, तिथे मात्र मला नाही आवरलं.

आणि हो, अपघाताची टेप होती, त्याचा मॅनेजर जॉन स्टेनटन तेव्हा म्हणाला होता ती नष्टच करायला पाहिजे. शंभर टक्के बरोबर. उद्या ती नेटवर कुठून फुटलीच तर मला फॉरवर्ड करू नका, मी बघणार नाही.