आरेच्या हिरवळीत जतची कोकरं

जून लागता लागता मामांनी सांगलीकडच्या जतहून माडग्याळी जातीच्या मेंढ्यांची पाच कोकरं टेम्पोत घालून पाठवली. तीन महिन्यांची, सरासरी १५ किलोची. मी मुंबईत आरेतल्या तबेल्यावर कामाला. मागची मोकळी जागा पहिल्या पावसात गुडघाभर गवतानं भरून गेली. जतला हीच जनावरं दगडाधोंड्यांतून काड्या वेचत फिरतात. इथं मान खाली घातली की तोंड भरलं!

दर पंधरवड्याला गोणपाटाच्या झोळीत घालून एकेकाला स्प्रिंगच्या काट्याला टांगायचो. जुलैअखेर काटा १६ वर. पोटं मात्र टम्म.

मामांना फोन लावला. "आरं, पोट भरतंय, अंग न्हाई भरत. पानी खात्यात ती."

खरं होतं. कोवळ्या गवतात किलोमागं ८०० ग्रॅमच्या आसपास पाणीच. कोकराच्या एवढ्याशा पोटात मग चाऱ्याचा सुका भाग मावणार किती?

पण गोष्ट तेवढीच नव्हती. एका सकाळी धाकट्याच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबताना दिसली. खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरी फटक. डॉक्टरांनी लेंडी तपासली: रक्त पिणारे जंत. लेंडीतल्या अंड्यांतून उबेत-ओलाव्यात आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि ओल्या पात्यावर चढून बसतात. जतच्या उन्हात त्या वाळून मरतात. मुंबईच्या श्रावणात त्यांची चैन. त्यात मी शहाणा ड्यूटीआधी, पहाटे गवत निथळत असतानाच कोकरं सोडायचो.

औषध प्रत्येकाचं वजन करून दिलं, अंदाजानं नाही. सोडायची वेळ अकरानंतर, तीही आधी मूठभर भुईमुगाचा सुका पाला आणि मक्याचा भरडा खाऊ घालून. दोऱ्या बांधून जागेचे आठ तुकडे पाडले. एकात चार दिवस, मग तिथं महिनाभर फिरकायचं नाही. या दोऱ्यांनी जीव खाल्ला. मोकाट गायी रोज एक तरी तोडायच्या.

सप्टेंबरअखेर गवताला तुरे आले. चार कोकरं २१-२२ किलोंवर गेली. मामा फोनवर आधी धाकट्याचंच विचारतात. ते १८ वर आहे. बाकीची काट्याला टांगली की पाय झाडतात, हे अजून नुसतंच लोंबतं.