झाकणावरची आगगाडी

बिंग या खेळण्यांच्या कंपनीची शंभर वर्षांपूर्वीची पत्र्याची आगगाडी, तीही खोक्यासकट, माझ्या पगारात बसत नाही. म्हणून मी नुसती त्या खोक्यांची चित्रं असलेली झाकणं घेतो. राहतो न्यूर्नबर्गला, त्यामुळे माल दारातच: बिंग, बुब, कारेट, हे सगळे खेळणीवाले याच गावचे. जर्मनीतली वाफेची पहिली प्रवासी गाडीसुद्धा १८३५ साली इथूनच फ्युर्टला गेली.

जुन्या गावात ट्रेम्पलमार्क्ट भरतो, म्हणजे आपला जुना बाजार. गाड्या मांडलेल्या असतात टेबलावर. मी विचारतो टेबलाखालचं. कोपरे उसवलेली, मागे पेन्सिलीनं हिशेब केलेली झाकणं तिथे पडून असतात. चित्र शाबूत असलं की बाकीचं चालतं.

आधी मार्का बघायचा. बिंगचा जुना मार्का जीबीएन, म्हणजे गेब्रूडर (बंधू) बिंग न्यूर्नबर्ग. पहिल्या महायुद्धानंतर तो बीडब्ल्यू, म्हणजे बिंग वेर्के, झाला आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत कंपनी बुडाली. मग भिंग काढायचं. दगडावरून छापलेल्या लिथोत प्रत्येक रंगाला वेगळा दगड, ठिपके हातानं मारलेले, वेडेवाकडे. एखाद्या पोराच्या गालाचा लाल रंग कानापर्यंत सरकलेला. नवी नक्कल असेल तर ठिपके जाळीत शिस्तीत बसलेले दिसतात. शेवटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात रसायन घालू लागले, तो कागद निळसर चमकतो. चमकला तर सोडून द्यायचा. नाही चमकला तरी लगेच पाकीट काढायचं नाही, कारण तसं रसायन नसलेला कागद आजही मिळतो.

चित्रं मात्र सर्रास थापा मारतात, आणि मला तीच गंमत वाटते. झाकणावर एक्सप्रेस धूर ओकत डोंगरातून निघालेली. आत चावीचं चार चाकी इंजिन, दोन डबे आणि रुळांचं एक वर्तुळ. पोरांची तक्रार नसावी.

चित्र वाफेवर सोलून फ्रेम कर, असं बरेच जण सुचवतात. मी ते करत नाही. झाकणाच्या कडेला कधी कधी मालाचा नंबर असतो, त्यावरून जुन्या कॅटलॉगात नेमकी गाडी सापडते. सोललेल्या चित्राला असा पत्ता उरत नाही. झाकण आम्लरहित कागदात गुंडाळून आडवं ठेवतो. चिकटपट्टी घरातच ठेवत नाही म्हटलं तरी चालेल.

सध्या कारेटच्या मागे आहे. मालक फ्रेंच, कारखाना न्यूर्नबर्गात. १९१७ साली, ऐन महायुद्धात तो बंद पडला. माल कमी, आणि हे विकणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक आहे.